स्पर्धेतला पहिला एलबी

“दे तो कोट इकडं. मी उभा राहतो,” शशिकांत म्हणाला, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

पाळी त्याची नव्हती, गजाननची होती. शिवाय अंपायर म्हणून उभं राहायचं म्हटलं की शशिकांत नाळेच्या कपाळाला आठ्या पडायच्या. दुसऱ्याची बॅटिंग बघत उन्हात ताटकळण्यापेक्षा तंबूत पालथा पडून राहीन, असं म्हणणारा माणूस. आणि आज स्वतःहून कोट मागतोय. गजाननला काय, आयतीच सुटका झाली. त्यानं कोट शशिकांतच्या अंगावर टाकला आणि तो कलिंगडाच्या फोडींकडं वळला.

मी पॅड बांधून तंबूच्या तोंडाशी बसलो होतो. पुढची विकेट पडली की मला जायचं होतं. शशिकांत बटणं लावत माझ्या समोरून गेला, पण त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. शाळेत एका बाकावर बसलेलो आम्ही. माझ्याकडं न बघता जाणारा शशिकांत मी त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता.

मी दिगंबर पोतदार. फलटणच्या बाजारपेठेत आमची सराफीची पेढी आहे, आजोबांपासूनची. संशय हे आमच्या धंद्याचं निम्मं भांडवल. समोरच्यानं आईच्या हातातली बांगडी काढून आणलेली असो, आम्ही ती आधी दगडावर घासणार, मग आईची तब्येत विचारणार. ही सवय मैदानावरही माझ्यासोबत यायची, म्हणूनच मी विकेटकीपर झालो असेन. सगळ्यांच्या मागं बसायचं आणि सगळ्यांच्या हातांकडं बघायचं. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी देवाच्या मुकुटाकडं बघता. बघतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

तर ती तात्यासाहेब चषकाची फायनल होती, स्पर्धेच्या आठव्या वर्षाची. हल्लीच्या पोरांना वाटतं की ही स्पर्धा कायम अशीच होती, रंगीत कपडे आणि पांढरा चेंडू. तसं काही नव्हतं. आधी आमच्याकडं मॅच दोन रविवार चालायची, आणि दुसऱ्या रविवारी निम्मा संघ कुणाच्या तरी लग्नाला गेलेला असायचा. तात्यासाहेब कापडाचे व्यापारी, क्रिकेटचे वेडे. ते वैतागून म्हणाले, एकाच दिवसात काय ते उरका, दोघांनी चाळीस-चाळीस ओव्हर खेळा आणि दिवस मावळायच्या आत घरी जा. म्हाताऱ्या खेळाडूंनी नाकं मुरडली, हे काय क्रिकेट आहे का म्हणाले. पण लोक जमायला लागले. चवथ्या-पाचव्या वर्षी फायनलला बैलगाड्या सोडून माणसं बसलेली मी पाहिली आहेत.

एक गोष्ट मात्र तात्यासाहेबांनाही जमली नाही, ती म्हणजे अंपायर. बाहेरून आणायचे तर त्यांची सरबराई कोण करणार? म्हणून नियम झाला की जो संघ बॅटिंग करेल त्यानंच आपल्यातले दोघं अंपायर म्हणून उभे करायचे. बाद होऊन आलेला माणूस पॅड सोडायचा आणि डॉक्टर शहांच्या दवाखान्यातून आणलेला पांढरा कोट चढवून पुन्हा उन्हात जायचा. आता सांगा, स्वतःच्या माणसाला एलबी, म्हणजे स्टंपासमोर पाय आडवा आला म्हणून बाद, देणार कोण? बोल्ड, झेल, त्यात काही करता येत नाही. रन आऊट चारचौघांना दिसतं. पण बॉल स्टंपावर जात होता की नव्हता, हे एकट्या अंपायरनं सांगायचं, आणि अंपायर आपलाच. आठ वर्षांत त्या स्पर्धेत एकही एलबी दिला गेला नव्हता. पॅड म्हणजे आमची दुसरी बॅट होती. बॉलरही शहाणे झाले होते, अपील करून घसा कोरडा करायचे नाहीत. त्यावर कुणाची तक्रारही नव्हती, कारण सगळेच तसे.

समोरचा संघ नदीपलीकडच्या एका साखर कारखान्याचा होता. नाव सांगत नाही. त्यांचे क्रीडा अधिकारी घोरपडे म्हणून होते, सफारी घालणारे, गोड बोलणारे. खेळाडू हेरून कारखान्यात चिकटवायचे हे त्यांचं काम. आमचा उदय क्लब म्हणजे दुकानदार, मास्तर आणि बेकार. तीन वेळा फायनलला येऊन आम्ही तिन्ही वेळा हरलो होतो, आणि गावानं आमचं नाव अस्त क्लब ठेवलं होतं.

आमचा कॅप्टन बापू रासकर. जिल्ह्यात त्याच्यासारखा बॅट्समन नव्हता, हे त्याचे वैरीही कबूल करायचे. पण बॅटनं पोट भरत नाही. वडील गेलेले, बी.कॉम. होऊन पाच वर्षं घरी बसलेला, आणि धाकटी बहीण कुसुम लग्नाची. तिची सुपारी फुटली होती, आणि नवरामुलगा दुसरा-तिसरा कुणी नाही, आमचा शशिकांत. वैशाखातली तारीख धरलेली. म्हणजे त्या दिवशी मैदानात एका टोकाला होणारा मेव्हणा बॅटिंग करत होता आणि दुसऱ्या टोकाला होणारा जावई अंपायरचा कोट घालून उभा राहायला चालला होता.

आता माझ्या मनातली दुसरी पाल सांगतो. कारखान्याचा डाव संपल्यावर जेवणाची सुट्टी झाली, तेव्हा घोरपडे साहेब शशिकांतच्या खांद्यावर हात टाकून त्याला लिंबाखाली घेऊन गेलेले मी पाहिले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. घोरपडे हसत होते, शशिकांत ऐकत होता, आणि परत आल्यावर त्यानं भरलं ताट तसंच खाली ठेवलं. मटण होतं. शशिकांत मटण टाकून उठला, यावरूनच ओळखा. मग तो ओपनिंगला गेला आणि तिसऱ्या ओव्हरला सरळ बॉलवर बोल्ड होऊन आला. पोरं म्हणाली, लग्न ठरल्यापासून ध्यान नाही याचं. मी जुळवत होतो.

पाचवी विकेट पडली आणि मी आत गेलो. दहा ओव्हर शिल्लक आणि चाळीस-एक धावा हव्या होत्या. बापू पन्नाशी ओलांडून नांगर टाकून बसला होता. आत जाताना गावानं टाळ्या वाजवल्या, कारण सगळ्यांच्या मते चषक आला होता. माझ्याही मते.

पहिल्या ओव्हरला बापूनं पाच बॉल नुसते अडवले आणि सहाव्यावर एक धाव घेतली. दुसऱ्या ओव्हरलाही तेच. बॉल मऊ झालेला, बॉलर दमलेले, आणि माझा बापू मॅटवर पाय रोवून तट-तट तटवतोय. मोकळ्या जागेत गेलेला बॉल, मी अर्ध्यावर पळत आलेला, आणि बापू हात वर करून मला माघारी धाडतोय. सहाव्या बॉलवर मात्र न चुकता एक. म्हणजे पुढच्या ओव्हरला बॅटिंग पुन्हा त्याचीच. मी दुसऱ्या टोकाला नुसता उभा.

तिसरी ओव्हर तशीच गेल्यावर मी त्याच्याजवळ गेलो.

“बापू, तिथं दोन होत्या.”

“घाई कशाला? विकेट सांभाळायची.”

“विकेटी पाच आहेत आपल्याकडं. ओव्हरी नाहीत.”

“दिगू, कॅप्टन कोण आहे?”

“तूच.”

“मग गप उभा राहा.”

हे तो माझ्याकडं बघून बोलला नाही. मॅटच्या कडेचा एक खिळा बुटानं दाबत बोलला. आज माझ्याकडं कुणीच बघून बोलत नाही, असं माझ्या मनात आलं.

आता माझा संशय दोन घरांत वाटला गेला. तंबूत बसलो होतो तोवर तो सगळा शशिकांतच्या नावावर होता. पण इथं मधोमध उभं राहिल्यावर बापूच्या बॅटकडं बघवेना. थकला असेल, म्हटलं. पायात गोळा आला असेल. पण गोळा आलेला माणूस सहाव्या बॉलला बरा पळतो का?

चवथी ओव्हर संपली आणि मी पाहिलं की शशिकांत त्याच्या जागेवरून चालत बापूपाशी गेला. अंपायरनं बॅट्समनशी बोलायचं काय काम? दोघं पाठमोरे. शशिकांतचं बोलणं एका वाक्याचं असेल. बापूनं मान हलवली नाही, काही नाही, तो ग्लोव्हजचा पट्टा सोडत आणि बांधत राहिला. शशिकांत परत माझ्या टोकाला येऊन उभा राहिला.

“काय म्हणालास रे त्याला?”

“काही नाही.”

“शशा, मी आंधळा नाही.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “म्हणून तर विचारू नकोस.”

माझ्या बाजूनं बॉलिंगला कारखान्याचा नवा पोरगा आला. डावखुरा, पुण्याहून आणलेला, महिन्याभरापूर्वी कामाला लावलेला. आमच्या रीतीभाती त्याला माहीत नव्हत्या. डावाच्या सुरुवातीला त्यानं एकदा एलबीचं अपील केलं होतं तेव्हा त्याचेच सोबती हसले होते. त्यानं मनात डूख धरला असणार. त्या ओव्हरचा दुसरा बॉल लेग स्टंपच्या चांगला बाहेर पडला आणि बाहेरच चालला होता. बापूनं नेहमीच्या सवयीनं पाय पुढं टाकून पॅडनं ढकलला. पोरगा वळला आणि रागानं शशिकांतच्या तोंडावर ओरडला.

शशिकांतनं बोट वर केलं.

मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. बोट खाली येत नव्हतं. लोकांना आधी कळलंच नाही की काय झालंय, कारण असलं काही त्यांनी पाहिलंच नव्हतं. मग कडेनं एक शिवी आली, मग दहा आल्या.

आणि आता तीन गोष्टी मी पाहिल्या, त्या त्या वेळी दुसऱ्या कुणी पाहिल्या असतील असं वाटत नाही. पहिली, बापू रासकर हुज्जत न घालता निघाला. हा बापू, जो बोल्ड झाल्यावरही बेल वाऱ्यानं पडली का म्हणून विचारायचा. तो बॅट काखेला मारून मान खाली घालून चालता झाला. दुसरी, फायनलमधली सगळ्यात मोठी विकेट पडली होती आणि तो डावखुरा पोरगा नाचत होता, पण त्यांच्या तंबूत घोरपडे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि त्यांचं तोंड आंबट झालं होतं. तिसरी म्हणजे शशिकांतच्या डोळ्यांत पाणी होतं. उन्हाचं म्हणावं, तर ऊन त्याच्या पाठीला होतं.

सादिक बागवान आला. फळं विकतो, बॅटही तशीच फिरवतो, टोपली रिकामी केल्यासारखी. आम्ही दोघं उरलेल्या ओव्हरींत काय पळालो ते आमचं आम्हाला माहीत. लोक शिव्या विसरून उभे राहिले. शेवटच्या बॉलला तीन हव्या होत्या, सादिकनं उंच मारला, तो डावखुऱ्यानंच झेलला. दोन धावांनी हरलो. चवथ्यांदा.

संध्याकाळी शाळेच्या वर्गात सगळे जमलो.

“किती मिळाले रे?” गजाननानं सुरुवात केली.

शशिकांत खिडकीला टेकून उभा होता.

“घोरपडेबरोबर लिंबाखाली काय शिजत होतं? आम्ही पाहिलं नाही होय?”

“आठ वर्षांत एक एलबी नाही,” दुसरा म्हणाला, “आणि पहिला द्यायचा तो आपल्या कॅप्टनला, फायनलला. मेव्हण्याला. लाज कशी वाटली नाही तुला?”

“बापू, तू बोल,” गजानन म्हणाला. “असल्या माणसाला बहीण देणार आहेस?”

सगळे बापूकडं बघायला लागले. शशिकांतसुद्धा, त्या दिवसात पहिल्यांदाच कुणाकडं तरी तो सरळ बघत होता. त्या वर्गात त्याचं नाव, त्याचं लग्न, सगळं त्या एका माणसाच्या जिभेवर होतं. बापूनं पुढच्या बाकावर पडलेल्या खडूचा तुकडा उचलला, चुरगळला, आणि हात पॅन्टीला पुसले.

“खेळ संपला,” तो म्हणाला. “लग्नाचा त्याच्याशी काय संबंध?”

आणि उठून गेला.

झालं. मैदानावरचा निकाल लागला होताच, हाही लागला. शशिकांत नाळे विकला गेला, असं गावानं ठरवून टाकलं. क्लबनं त्याला काढलं. चहाच्या गाड्यावर तो आला की बाकावरची माणसं सरकून बसायची, जागा करून द्यायला नाही, लांब व्हायला. पुढच्या वर्षीपासून स्पर्धेत बाहेरचे अंपायर आले, आणि बॉलर बोंबलायला लागले, आणि पॅडवर खेळणाऱ्यांची फजिती झाली. आज पोरं विचारतात की तात्यासाहेब चषकात तटस्थ अंपायर कधीपासून आले, तेव्हा जुनी माणसं सांगतात, नाळेनं माती खाल्ली तेव्हापासून.

मला मात्र एकच गोष्ट कुरतडत होती. लग्न मोडलं नाही. बापूच्या आईनं थयथयाट केला म्हणे, पण बापू हटला नाही. ज्यानं आपल्याला खोटं बाद दिलं, आपला चषक घालवला, त्यालाच माणूस बहीण देतो आणि तारीखही पुढं ढकलत नाही? कुठंतरी पाणी मुरत होतं. आणि चैत्रात कारखान्यावरचं एक गिऱ्हाईक पेढीवर आलं, तेव्हा त्याच्या तोंडून सहज निघून गेलं की तुमच्या रासकरांना आमच्याकडून टाइमकीपरच्या जागेचं पत्र गेलंय.

त्याच आठवड्यात शशिकांत आईला घेऊन मंगळसूत्राच्या वाट्या बघायला आला. आई वाट्यांच्या नक्षीत गुंतल्या. मी त्याला, ये तुला नवीन भट्टी दाखवतो म्हणून आत नेलं.

“शशा, खरं सांग. बापू आऊट होता?”

“नव्हता,” तो म्हणाला. “लेगच्या बाहेर पडला होता बॉल. तू पाहिलास की.”

“मग?”

“मग काय मग? चार ओव्हर तू दुसऱ्या टोकाला उभा होतास. काय पाहत होतास?”

मी पितळी चिमटा उचलून पुन्हा खाली ठेवला. “घोरपडे तुला काय म्हणाला लिंबाखाली?”

“अभिनंदन म्हणाला.” शशिकांत हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. “त्याला वाटलं, मला माहीत आहे. घरचाच माणूस ना मी. म्हणाला, तुमचे मेव्हणे आता आमचे झाले, आज एवढं पार पडलं की पुढच्या महिन्यात पत्र. आधी मला कळलंच नाही एवढं म्हणजे केवढं. मग तंबूत बसून बापूची बॅटिंग बघितली आणि कळलं.”

“बाद न होता उभं कसं राहायचं हे त्याला माहीत होतं,” मी म्हणालो.

“आऊट झाला असता तर तुम्ही मागच्यांनी जिंकून दिलं असतं. म्हणून उभं राहून ओव्हरी खायच्या. त्याला कोण काढणार? कारखान्याचे बॉलर काढू शकत नव्हते, आणि घोरपडेला काढायचा नव्हता. मीच काढू शकत होतो. मी त्याला जाऊन सांगितलंही, बापू, मार, नाहीतर मी बोट वर करीन. त्याला वाटलं, नाही करणार.”

“अरे मग लोकांना सांग की. तुझ्यावर गाव थुंकतंय.”

“कुसुमला काय सांगू?” तो म्हणाला. “की तुझं लग्न नीट व्हावं, घरात कुणीतरी कमावतं असावं, म्हणून तुझ्या भावानं मुद्दाम मॅच घालवली? जन्मभर ती त्या मंगळसूत्राकडं कशी बघेल?” बाहेरून त्याच्या आईनं हाक मारली. “माझं काय, मी अंपायर. अंपायरला शिव्या बसतातच. आणि तू गप्प बसशील, दिगू. शपथ घे म्हणत नाही. फक्त सांगतो.”

मी गप्प बसलो. पण बापूवरचा राग मला गिळवत नव्हता. दुसऱ्याच्या नावावर चिखल टाकून हा माणूस नोकरीवर रुजू होणार, आणि आम्ही त्याच्या बहिणीच्या लग्नात बुंदीचे लाडू खायचे.

तो स्वतःच आला, लग्नाला पंधरा-वीस दिवस असताना. जावयाची अंगठी करायची होती. साधी, घडीव, वरती काही नको म्हणाला. बोटाचं माप म्हणून त्यानं दोऱ्याचा गाठ मारलेला तुकडा माझ्यापुढं ठेवला. मी त्याला पाणी दिलं, बोललो मात्र कामापुरतं.

तो गेल्यावर दोरा उचलून बघितला, तर माप मोठं. शशिकांतचा हात मला ठाऊक होता, मंगळसूत्राच्या वेळी त्याच्या आईनं हौसेनं त्याच्या अनामिकेचं मापही घेऊन ठेवायला लावलं होतं. हा दोरा त्यात ढळढळीत सैल होत होता. बघा, मी म्हटलं, होणाऱ्या जावयाचं नीट मापही घेतलं नाही यानं. अंदाजानं दोरा बांधून आणला. गिऱ्हाईकानं आणलेल्या मापावर मी तसाही कधी विश्वास ठेवला नाही. दोरा कचऱ्यात टाकला आणि माझ्याकडच्या मापानं अंगठी करून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पेढीवर कुणी नसताना, बापू परत आला. त्यानं अंगठी गादीवर ठेवली.

“ही मी दिलेल्या मापाची नाही.”

“तुझं माप चुकलं होतं. जावयाची अंगठी आहे, अनामिकेत बसायला हवी. ही बसेल.”

“माप बरोबर होतं.”

“कुणी घेतलं होतं?”

“मी. त्याच्या घरी जाऊन. त्याचा हात धरून.”

मी त्याच्याकडं बघितलं. तो कितीतरी वाळला होता. शर्टाच्या बाहीला काळं वंगण लागलेलं. मला राहवलं नाही, मी विचारलंच, “कारखान्यावर कधी रुजू होतोयस?”

त्याचा चेहरा पांढरा पडला. मला किती माहीत आहे, ते त्यानं एका क्षणात ओळखलं असावं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत.

“पत्र आलं होतं,” तो म्हणाला. “गेलो नाही. मामाच्या पंप दुरुस्तीच्या दुकानात बसतो आता. शशिकांतला म्हटलं, मी चौकात उभं राहून खरं काय ते सांगतो. त्यानं माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. म्हणाला, कुसुमसाठी म्हणून गप्प बस. ही शिक्षा आहे, दिगू. तो शिव्या खातो आणि मी मान हलवतो.”

मी अंगठी उचलून हातात घेतली.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बापू मागल्या चैत्रात गेला. त्याच्या दहाव्याला नदीवर शशिकांतनंच कुसुमवहिनीला सगळं सांगितलं, आणि घरी जाताना मला म्हणाला, आता तू बोललास तरी चालेल. म्हणून बोलतोय.

त्या दुपारी मी बापूला म्हटलं, “बरं. पण अंगठी सैल करून काय उपयोग? हातातून पडेल.”

“नाही पडायची. तू बोट चुकवलंस.” बापूनं उजवा हात उचलला, मूठ मिटली आणि पहिलं बोट सरळ वर केलं, शशिकांतनं त्या दिवशी केलं होतं तसं. “मला या बोटाची हवी. या बोटानं मला वेळेवर बाहेर काढलं. आणखी दोन ओव्हरी तिथं उभा राहिलो असतो तर पुन्हा कुठल्याच घरात ताठ मानेनं शिरलो नसतो.”

त्यानं हात खाली घेतला आणि तो चप्पल घालायला वळला. मी अंगठी पुन्हा मुशीत टाकली. कचऱ्यात गेलेला दोरा शोधून काढला, आणि दुसऱ्यांदा केली ती त्या दोऱ्याच्या मापानं, पडताळून न पाहता.